कडी कुठल्या बाजूला

कडी कुठल्या बाजूला बसवू, विचारतोस.
थांब. रंधा खाली ठेव, बुधाजी,
त्या स्टुलावरचा भुसा झटक.
भरती लागेपर्यंत मांडवीवर कुणी येत नाही.

पेलम साहेब वेंगुर्ल्याच्या बंदरावर होता दोन वर्षं.
गोदामाची दारं मी केली, फणसाची.
खाऱ्या वाऱ्यानं एक फळी फुगली नाही
म्हणून त्यानं मला उचललं आणि नेलं वर,
आगबोटीनं, आगगाडीनं, मग खेचरावरून,
इतकं वर की पेज शिजेना.
उकड्या तांदळाचं पोतं संपलं त्या रात्री रडलो.
हे घरी बोलू नकोस.

राज्य म्हणजे काय, एक दरी,
तिला टेकून दुसरी.
साहेब म्हणाला, हे सगळं सरळ करायचंय.
आणि केलं रे. खोटं कशाला बोलू.
वेताच्या दोरांवरून नदी ओलांडायची माणसं,
एखादं पलीकडं पोचायचं नाही;
तिथं तारेचा पूल झाला.
देवीची लस टोचली, पोरांचे दंड स्वतः धरून.
टपाल आलं. सफरचंदाची कलमं आली
काथ्यात गुंडाळून,
काथ्या आपल्याकडचा, मी वासानं ओळखला.
मग साखळीनं शेतं मोजली. मग कचेरी.
मग तुरुंग. त्याचं दार माझंच.
तीन महिने रिकामा होता,
नंतर सापडले चोर.

तिथला सुतार छेवांग, खिळा मारत नसे.
लाकडात लाकूड बसवी, खुंटीनं आवळी.
माझ्या खिळ्यांच्या डब्याकडं बघायचा
सोयरिकीला आलेल्या माणसासारखा:
चहा घ्यायचा, होकार द्यायचा नाही.

राजा एकदा आला, मी चौकट उभी करत होतो.
हातात देवळातला शंख.
दुभाष्याकरवी म्हणाला, हा तुमच्याकडून येतो ना?
होय महाराज, म्हटलं, आतला जीव आमच्यातले काही जण
कालवणात घालतात, तिरफळं टाकून.
दुभाषी अडखळला. सांगावं की नाही.
सांगितलं.
राजा इतका हसला की टोपी सावरावी लागली.
मग विचारलं, समुद्राचा पलीकडचा काठ दिसतो?
नाही म्हटलं.
मग तिकडचा सारा कोण गोळा करतं?

त्याच हिवाळ्यात कागद आला.
साहेबाच्या हातचं चित्र, इंचन्इंच नीट.
राजाच्या निजायच्या खोलीचं दार.
कडी बाहेरून.
मी कागद दोनदा बघितला. उलटा धरूनसुद्धा.
साहेब म्हणाला, थोडेच दिवस, मेस्त.
सही करीपर्यंत.

आता मला सांगायला आवडेल
की मी इस्क्रू ढिले ठेवले.
नाही. घट्ट पिळले.
हाताला चांगलं काम करायची सवय असते,
ती कुणासाठी ते तो विचारत नाही.
एवढंच केलं:
कडी करकरू नये म्हणून घरून नेलेलं खोबरेल काढलं,
दगडासारखं गोठलेलं,
तळव्यावर चोळून पातळ केलं आणि लावलं.
म्हणजे रात्री कुणी ओढली तर
त्याला ऐकू जाऊ नये.
ही दया होती की दुसरं काही,
तेवीस वर्षं झाली, ठरत नाही.
छेवांगनं त्यानंतर माझ्या हातची पटाशी
कधी घेतली नाही.
सही झाली की नाही, मला कुणी कळवलं नाही.

साहेबाचा दाखला पेटीत आहे.
भरवशाचा हात, असं लिहिलंय म्हणतात.
कडांना वाळवी लागली,
मधला मजकूर शाबूत.

चल, ऊठ. हे दार कुणाचं?
आवडू तांडेलिणीचं, सुकटीच्या खोलीचं?
मग बाहेरूनच हवी कडी.
बसव. तेल मात्र लावू नकोस, वाजू दे.
आणि कडीशेजारी फळीला एक भोक पाड,
आतून हात घालून
कुणालाही काढता येईल एवढं.

मांजर शिरेल म्हणतोस.
शिरू दे.